वहीतले रॉकेट आणि नानीचे गाव

नववीतल्या एका मुलाचे अब्बू एका संध्याकाळी मगरिबनंतर आमच्या घरी आले. हातात मुलाची विज्ञानाची वही होती. ती चहाच्या कपाशेजारी ठेवून म्हणाले, “सर, ही जरा बघा. मला तर भीतीच वाटली.”

वही मागच्या पानापासून पुढे भरत आली होती. रणगाडे, तोफा, रॉकेट सोडणारे ट्रक. मध्येच संगणकाच्या आतल्या भागांची यादी, समोर किमती. प्रकाशाच्या परावर्तनाचा धडा मात्र चार ओळींत आटोपलेला.

हे गृहस्थ आठवडी बाजारात कापडाचे दुकान लावतात. एरवी मोजके बोलणारे, पण त्या दिवशी थांबेनात. “गेम खेळतो, ते एक वेळ समजू. ग्राफिक कार्ड मागतो, माझी तीन महिन्यांची कमाई जाईल त्यात, तेही बाजूला ठेवा. पण सर, नाव आपलं असं आणि वहीत हे असं. उद्या कोणी पाहिली तर काय समजेल? जाळून टाकू का?”

या भीतीला हसण्यात अर्थ नाही. आपल्यातल्या बऱ्याच घरांनी ती कधी ना कधी अनुभवली आहे. पण आम्हाला आमचीच एक गोष्ट आठवली आणि मान खाली गेली. आठवड्यापूर्वी हीच वही हातात घेऊन आम्ही भर वर्गात म्हटले होते, “काय रे, युद्धावर निघालास की काय?” वर्ग हसला. मुलगाही हसला, पण त्या दिवसापासून त्याने हात वर करणे सोडले. शिक्षकाच्या एका वाक्याने एवढे होत असेल, तर बापाने वही चुलीत घातल्यावर काय होईल?

आम्ही वही ठेवून घेतली आणि रात्री नीट वाचली. चित्रे आम्ही आधी पाहिली होती, त्यांच्याखालचा मजकूर पाहिला नव्हता. एका पानावर ‘पिनाका’ होते. खाली लिहिले होते: एका गाडीवर १२ रॉकेटे, ४४ सेकंदांत सगळी सुटतात, पल्ला सुमारे साडेसदतीस किलोमीटर. पिनाका पुण्याच्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेत घडले आणि १९९९ च्या कारगिल युद्धात वापरले गेले, हेही त्याने टिपले होते. पल्ला पहिल्या पिनाकाचा होता. नंतरच्या रॉकेटांचा त्याहून बराच जास्त आहे. एवढे सोडले तर दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते. ज्याला आम्ही ‘लक्ष नसलेला’ समजत होतो, त्याचे लक्ष एका जागी पक्के बसले होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याला थांबवले. विचारले, “तुला लढाईची यंत्रे आवडतात, संगणक उघडून बघायला आवडतो आणि गेम आवडतो. हे तीन छंद की एकच?” तो गप्प राहिला. मग आम्ही सांगायला बसलो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्कराला तोफगोळा कोणत्या कोनातून सोडला तर कुठे पडेल, याचे तक्ते हवे होते. माणसांनी हाताने हिशेब करायला फार वेळ लागे. त्या कामासाठी ‘एनिॲक’ हा संगणक बांधायला घेतला. तो १९४६ मध्ये जगासमोर आला, तोवर युद्ध संपलेही होते. पुढे १९५८ मध्ये विल्यम हिगिनबोथम या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळा पाहायला येणाऱ्या लोकांसाठी पडद्यावरचा टेनिसचा खेळ तयार केला. हवेत फेकलेल्या वस्तूचा मार्ग काढू शकणाऱ्या यंत्रावर त्याने चेंडू उडवला. अगदी सुरुवातीच्या व्हिडिओ गेममध्ये त्याची गणना होते. हाच माणूस त्याआधी अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम करत होता, आणि युद्धानंतर अण्वस्त्रांना आवर घालावा म्हणून शास्त्रज्ञांची जी संघटना उभी राहिली, तिचा तो पहिला अध्यक्ष होता.

म्हणजे तोफ, संगणक आणि खेळ ही एकाच घरातली भावंडे आहेत. आपल्या महाराष्ट्रातही या नात्याची गोष्ट आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेने आपला मोठा ‘क्रे’ महासंगणक भारताला द्यायला नकार दिला. शस्त्रांच्या कामासाठी वापराल, अशी शंका होती. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. तिची धुरा होती डॉ. विजय भटकरांकडे, जे आपल्याच विदर्भातल्या, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. एक अवाढव्य मेंदू बनवण्याऐवजी अनेक लहान प्रोसेसर जोडायचे आणि काम वाटून द्यायचे, ही त्यामागची युक्ती. धान कापणीला एकटा माणूस महिनाभर राबतो, तेच बांधीत वीस जण उतरले तर दुसऱ्या दिवशी दुपारी मोकळे होतात, तसेच हे.

मुलाचे डोळे चमकले. “सर, ग्राफिक कार्डही असंच असतं!”

अगदी तसेच. मग फळ्यावर हिशेब मांडला. पडद्यावर आडवे १९२० ठिपके आणि उभे १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते. गुणाकार त्यानेच केला: सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचे रंग ठरवायचे. म्हणून कार्डात शेकडो-हजारो लहान गणकयंत्रे एकाच वेळी राबतात. खेळासाठी बनलेली ही यंत्रे परत लष्करातही पोहोचली. २०१० मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाने १७६० प्लेस्टेशन-३ एकमेकांना जोडून महासंगणक उभा केला होता.

इथवर सगळे छान चालले होते. तेवढ्यात तो उत्साहाने म्हणाला, “सर, पिनाका आपल्या सानगडीच्या किल्ल्यावर ठेवला तर?”

आम्ही भिंतीवरचा नकाशा उतरवला. पाच किलोमीटरला एक सेंटिमीटर हे प्रमाण. साडेसदतीस किलोमीटर म्हणजे साडेसात सेंटिमीटर. कंपास त्याच्याच हातात दिला. टोक सानगडीवर टेकवून त्याने गोल काढला. “आता आत कोणती गावं आली, वाच.”

साकोली. लाखांदूर. अर्जुनी मोरगाव. नवेगाव बांध. लाखनी. लाखनीवर तो थांबला. “सर, तिथे माझी नानी राहते.”

आम्ही काही बोललो नाही. बोलायची गरजही नव्हती. गेममध्ये माणूस मरतो आणि दुसऱ्या डावात पुन्हा उतरतो. नकाशावरच्या गोलात नानी एकच असते.

मग त्याला आपल्याच जिल्ह्यातले जवाहरनगर दाखवले. तिथल्या आयुध निर्माणीत तोफा-रॉकेटांना लागणारे स्फोटक पदार्थ तयार होतात. २४ जानेवारी २०२५, जुम्माचा दिवस. सकाळी तिथे स्फोट झाला, इमारतीचे छत कामगारांवर कोसळले. अनेक कामगारांचा जीव गेला. कुठे लढाई नव्हती, कोणी शत्रू आला नव्हता. सकाळी घरून निघालेली माणसे घरी परतली नाहीत. बातमी आली त्या दिवशी हा मुलगाही हळहळला असेल, पण ती बातमी आणि वहीतली चित्रे एकाच गोष्टीची दोन टोके आहेत, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही.

कुरआन शरीफमध्ये एका सूरहचे नावच लोखंडावरून आहे: सूरह अल-हदीद. लोखंडात मोठी ताकद आहे आणि माणसांसाठी लाभही आहेत, असे तिथे दोन्ही एकत्र सांगितले आहे. मुलांची वही नुसत्या ताकदीने भरते, कारण खेळ, सिनेमा आणि बातम्या त्यांना तेवढेच दाखवतात. लाभाचे पान भरायला मोठ्यांनी शेजारी बसावे लागते.

ते पान डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी भरून दाखवले आहे. हैदराबादेत क्षेपणास्त्रासाठी वजनाला अगदी हलका, तरी मजबूत पदार्थ तयार झाला होता. निम्स रुग्णालयातल्या एका डॉक्टरांनी तो हातात घेतला आणि कलाम साहेबांना आपल्या वॉर्डात नेले. तिथे मुले पायांना सुमारे तीन किलोच्या धातूच्या पट्ट्या बांधून पाय ओढत चालत होती. काही आठवड्यांत त्याच पदार्थापासून तीनशे ग्रॅमच्या पट्ट्या तयार झाल्या आणि मुले धावू लागली. अग्नी आणि पृथ्वीवर काम केलेला हा माणूस त्या मुलांचा आनंद पुढे भाषणांतून वारंवार सांगत असे.

आम्ही मुलाच्या अब्बूंना निरोप पाठवला: वही जाळू नका, मुलावर नाराजही होऊ नका. रणगाड्याचे चित्र काढणे गुन्हा नाही. मात्र काही गोष्टी त्याच्याशी स्पष्ट बोला. दारूगोळा कसा बनतो, हे शोधत बसायचे नाही आणि घरी कसलेही रसायन मिसळून पाहायचे नाही. निर्माणी किंवा लष्करी जागेचे फोटो काढायचे नाहीत. अनोळखी माणूस खेळता खेळता काही विचारू लागला, तर अब्बूंना सांगायचे. पैसे लावून खेळायचे खेळ आपल्या दीनमध्ये जुगारच. आता ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानेही ते बंद आहेत. आणि खेळाची वेळ नमाज, झोप आणि अभ्यास यांच्यातून चोरायची नाही.

ग्राफिक कार्ड काही आले नाही. त्याऐवजी साकोलीहून भंगारच्या भावात एक बंद पडलेला संगणक आला. मुलाने तो अब्बूंसमोर उघडला, धूळ झटकली, रॅमच्या पट्टीची पिवळी टोके साध्या खोडरबराने पुसली आणि पुन्हा बसवली. दोनदा काही झाले नाही. तिसऱ्यांदा पडदा उजळला. त्याचे अब्बू सांगत होते, “सर, मी दुकान बंद करून बघत बसलो होतो.” दहावीनंतर आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक किंवा संगणकाचा अभ्यासक्रम, नाहीतर बारावी विज्ञान आणि पुढे अभियांत्रिकी, अशी चर्चा आता त्या घरात चालते. पुढचे अल्लाह जाणे.

आमचेही एक काम राहिले होते. ज्या वर्गात त्याची थट्टा केली, त्याच वर्गात आम्ही त्याची माफी मागितली आणि बारा कोटी ठिपक्यांचा तो हिशेब फळ्यावर मांडायला त्यालाच उभे केले. मागच्या बाकावरच्या तीन मुलांनी प्रश्न विचारले. एवढे प्रश्न त्या बाकावरून आम्ही वर्षभरात ऐकले नव्हते.

इल्म-ए-नाफेची, म्हणजे लाभ देणाऱ्या ज्ञानाची दुआ आपण मुलांना लहानपणीच पाठ करून देतो. तुमच्या घरात अशी एखादी वही असेल, तर ती उघडा, त्याच्या शेजारी बसा आणि दोन प्रश्न विचारा: हे चालते कसे, आणि हे पडते कुणावर? पहिल्याचे उत्तर बहुधा तोच तुम्हाला देईल. दुसऱ्याचे उत्तर दोघांनी मिळून शोधायचे आहे.