परक्या ओट्यावरचे दुकान

फेसबुकने 2007 साली धंद्यांना ‘पेज’ दिले, तेव्हा सारा मामला फुकटचा होता. पाच वर्षांनी टाइमलाइनची मांडणी सक्तीची झाली. जानेवारी 2018 मध्ये झुकरबर्ग यांनी न्यूज फीडमध्ये आप्तमित्रांना अग्रक्रम दिला आणि पेजवरचा मजकूर बिनपैशाने दिसणे आटले. 2021 मध्ये नव्या रचनेतून पेजचे ‘लाइक’च काढायला घेतले, उरले फक्त फॉलोअर. वर्षानुवर्षे जमवलेल्या आकड्याची ही पत! घरबसल्या पैठणी किंवा फराळ विकणाऱ्या बाईने मग काय करावे? पेज बंद करू नये. जाहिरातीसाठी चार पैसे बाजूला काढावेत, हे ओघानेच आले. पण गिऱ्हाइकांचे फोन नंबर, अर्थात त्यांना विचारून, आपल्या वहीत उतरवून घ्यावेत, आणि तेही येत्या दिवाळीच्या आत.