ऊन फुकट आहे, पाणी नाही

शेवटचे दोन पेपर बाकी असतात आणि ग्रुपवर पहिली रील पडते. निळंशार पाणी, पांढरी वाळू, समुद्रात अर्धा बुडालेला झोका. खाली एकच शब्द : 'कधी?' मग पुढचे चार दिवस अभ्यास सोडून सगळं होतं. मालदीव की बाली? अंदमान की लक्षद्वीप? मध्येच कुणीतरी गोकर्ण म्हणतं, तर त्याला 'ते बेट नाहीये रे' म्हणून गप्प बसवतात. बजेट विचारणाऱ्याला कंजूस ठरवलं जातं. शेवटी ज्या रीलला सर्वांत जास्त हार्ट, ते बेट फायनल.

आमचंही असंच ठरलं होतं. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही पाच जणी हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला गेलो. एजंट म्हणाला होता, "मेमध्ये जा, गर्दी नसते, पॅकेज स्वस्त पडतं." गर्दी का नसते, हे आम्ही विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

पहिले दोन दिवस रीलमध्ये असतात तस्सेच गेले. राधानगर बीच खरंच फोटोपेक्षा सुंदर आहे. सूर्य साडेपाचच्या सुमारासच मावळतो, कारण घड्याळ आपलं आणि बेट पार पूर्वेला. दुसऱ्या दिवशी समुद्रातून आल्यावर खारट अंग धुवायला मी शॉवरखाली चांगली वीस मिनिटं उभी राहिले. बाहेर आले तर गेस्ट हाऊस चालवणाऱ्या मासी दारात. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "बेटा, टंकी आधी हो गई. कल टँकर नहीं आएगा. बाल्टी से नहा लेना."

आमच्यातली एक भडकलीच. पैसे मोजलेत, पाणीही नाही का? मी गप्प. कारण मी लातूरची आहे.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आमच्या शहरात रेल्वेने पाणी आलं तेव्हा मी पाचवीत होते. शाळेतून आल्यावर दप्तर टाकायचं आणि आजीबरोबर घागरींच्या रांगेत उभं राहायचं, एवढंच त्या उन्हाळ्यातलं मला नीट आठवतं. भांडी घासलेलं पाणी झाडाला, कपडे धुतलेलं संडासाला. कुणी पाहुणा येतो म्हणाला की आईच्या कपाळावर आठी यायची. माणूस नकोसा होता म्हणून नाही, दोन बादल्या वाढणार म्हणून. मासींच्या दारात मी तोच पाहुणा होते. शॉवर घेणारा पाहुणा.

त्या दिवसापासून मला वाटतंय, आपण बेट चुकीच्या गोष्टीवरून निवडतो. आपण ऊन बघतो. खरं सांगा, ऊन शोधायला आपल्याला घर सोडायची गरज आहे का? 'सनी आयलंड' हे स्वप्न त्यांचं, ज्यांच्याकडे हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडतो. त्यांना ऊन विकत घ्यावं लागतं. आपल्याकडे ऊन म्हणजे तोंडाला स्कार्फ, टाकीचं तापलेलं पाणी आणि 'बाराच्या आत घरी ये'. लातूर, जळगाव, चंद्रपूरच्या पोरांनी ऊन बघायला विमानाचं तिकीट काढावं, हा जरा विनोदच आहे. आपल्याला हवा असतो समुद्र, मोकळेपणा आणि घरच्यांपासून लांब मिळणारे चार दिवस. त्यासाठी बेट निवडायचं तर आधी पाणी बघावं लागतं. आकाशातलंही आणि नळातलंही.

आधी आकाशातलं. आपल्या मोठ्या सुट्ट्या दोनच : मे आणि दिवाळी. अंदमानात पाऊस आपल्या आधी, मेच्या उत्तरार्धात पोचतो आणि परतीच्या मोसमातही पडत राहतो. दिवाळीच्या आसपास बंगालच्या उपसागरात वादळांचा हंगाम असतो. लक्षद्वीपचा चांगला काळ साधारण ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत. मालदीव कोरडं असतं डिसेंबर ते एप्रिल. थायलंडच्या फुकेतच्या बाजूला मे ते ऑक्टोबर पाऊस. मग मेमध्ये जायचं कुठे? बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, तिथे एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ. श्रीलंकेत तर गंमतच : नैऋत्य किनाऱ्यावर पाऊस सुरू होतो, तेव्हा पूर्वेकडच्या त्रिंकोमालीचा हंगाम सुरू होतो. हे सगळं नववीच्या भूगोलाचं. मार्क मिळवले आणि विसरलो.

आम्ही विसरलो त्याचं बिलही भरलं. पाचव्या दिवशी पाऊस आला, समुद्र खवळला आणि फेरी बंद झाली. दोन दिवस अडकलो, परतीचं विमान गेलं. स्वस्त पॅकेज एकदम महाग झालं. मासी मात्र खूश होत्या. पन्हाळीखाली पिंपं लावून ठेवली होती त्यांनी.

आता नळातलं पाणी. प्रवाळाच्या बेटावर नदी नसते. वाळूखाली मुरलेल्या पावसाच्या गोड्या पाण्याचा एक पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. जास्त उपसा केला की खालचं खारं पाणी वर येतं आणि विहीर बिघडते. म्हणून तर 2005 मध्ये लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभारावा लागला. मालदीवची राजधानी माले तर जवळजवळ अशाच पाण्यावर जगते. डिसेंबर 2014 मध्ये तिथल्या प्रकल्पात आग लागली आणि साधारण लाखभर लोकांचं पिण्याचं पाणी तुटलं. तेव्हा भारताने विमानांतून आणि नौदलाच्या जहाजातून पाणी पाठवलं होतं. चहूबाजूंनी समुद्र आणि प्यायला पाणी परदेशातून! दीड वर्षानी लातूरला रेल्वे आली. मला ही दोन गावं सख्खी वाटतात.

जानेवारी 2024 मध्ये मालदीव की लक्षद्वीप यावरून नेटवर जे रणकंदन झालं, ते आठवतंय? आपण बेटांच्या आयपीएल टीम करून टाकल्या होत्या. अचानक सगळ्यांना लक्षद्वीपला जायचं होतं. देशप्रेम ठीक, पण अख्ख्या लक्षद्वीपची जमीन मिळून साधारण 32 चौरस किलोमीटर. पुणे शहर याच्या दहापटीहून मोठं. 36 बेटं, त्यातल्या फक्त 10 वर वस्ती, 2011 च्या जनगणनेनुसार लोक 64 हजारांच्या वर. तिथे जायला परवाना लागतो, यावर बरेच जण वैतागले होते. मला तो परवाना योग्य वाटतो. घर लहान असेल तर पाहुण्याने विचारूनच यावं.

न विचारता गेलं की काय होतं, हे थायलंडने पाहिलंय. 'द बीच' या सिनेमामुळे माया बे जगभर गाजलं. पुढे रोज इतक्या बोटी आल्या की प्रवाळाची वाट लागली आणि 2018 मध्ये तो किनारा बंद करावा लागला. 2022 मध्ये उघडला तो मर्यादा घालून. त्याच 2018 मध्ये फिलिपिन्सने बोराकाय हे अख्खं बेट सहा महिने पर्यटकांसाठी बंद ठेवलं. तिथल्या हॉटेलांत काम करणारी आपल्याच वयाची पोरं त्या सहा महिन्यांत कशी जगली असतील?

मग जायचंच नाही का? असं मी म्हणत नाही. मासींचं घर आमच्यासारख्यांवरच चालतं, त्यांच्या मुलाची फीसुद्धा. आपण गेलोच नाही तर त्यांचं काही भलं होणार नाही. माझं म्हणणं एवढंच की पाच दिवसांत चार बेटं 'कव्हर' करण्यापेक्षा एका बेटावर पाच दिवस राहा. बोटीचे पैसे वाचतात, तेच तिथल्या खानावळीत जातात. ऑफ-सीझनचं पॅकेज दिसलं की 'स्वस्त का?' हे विचारा. बुकिंगआधी गेस्ट हाऊसला फोन करा आणि रूमचा व्ह्यू विचारायच्या आधी पाणी कुठून येतं ते विचारा. बादलीने आंघोळ करा, आपल्या आज्या आयुष्यभर करत आल्यात. प्रवाळावर उभं राहू नका, त्याचा तुकडा बॅगेत टाकू नका. तो गुन्हाही आहे.

बजेट नसेल तर मालवणला जा. होडीने सिंधुदुर्गात उतरा आणि आत गेल्यावर सेल्फीआधी तीन विहिरी शोधा : दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंना खारा समुद्र आणि किल्ल्यात गोडं पाणी. किल्ला बांधायच्या आधी पाणी बघावं, हे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात सांगून ठेवलंय. आपण काही किल्ला बांधायला जात नाही, चार दिवस राहायला जातो. पण ते चार दिवस आपण ज्यांच्या टाकीतलं पाणी वापरतो, ते तिथेच राहणार असतात.

या वर्षी ग्रुपवर पुन्हा रील पडलीय. खाली 'कधी?' आलंय. मी लिहिलं, 'पाणी कुठून येतं तिथे?' अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. पण ब्लू टिक पाचही आल्यात, म्हणजे वाचलंय सगळ्यांनी.