दोष रायफलीचा की लॉटचा?

‘कारखान्यात साच्याने निघालेली रायफल राज्य स्पर्धेपुरती ठीक, पुढे जायचं तर खास घडवून घेतलेली बॅरलच हवी.’ नेमबाजीच्या रेंजवर हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की मुलाचे गुण अडले की पालक आधी कर्जाची चौकशी करतात. या मताला साधं गणितही साथ देत नाही.

50 मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं. पॉइंट टू टूची गोळी 5.6 मिलिमीटरची, आणि वर्तुळाच्या रेषेला ती बाहेरून नुसती टेकली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे छिद्राचा मध्य केंद्रापासून 8 मिलिमीटरपर्यंत सरकला तरी चालतो. अँशुट्झ, वॉल्थर किंवा फाइनवर्कबाउची धड मॅच रायफल शिकंज्यात धरून, तिला मानवणाऱ्या गोळ्या घालून झाडली तर एवढ्या जागेत ती आरामात राहते.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. पात्रता फेरीत त्याचे 600 पैकी 590 होते. पहिल्या आलेल्या लिऊ युकुनचे 594, आणि तो ऑलिंपिक विक्रम ठरला. जगातल्या उत्तमोत्तम रायफली त्या रेषेवर होत्या, तरी 600 कोणाचेच झाले नाहीत. निसटलेले गुण वाऱ्याच्या आणि गुडघ्यावर, पालथं पडून, उभं राहून साठ गोळ्या झाडणाऱ्या शरीराच्या नावावर मांडावे लागतात.

अंतिम फेरीत दशांश मोजतात, तिथे 10.2 आणि 10.6 यांत पदक फिरतं, हा आक्षेप मात्र खरा आहे. पण अंतिम फेरीची चिंता तिथे पोचणाऱ्याने करावी. पाचशे साठवर अडलेल्याला ती कोण विकतं, हे ज्याचं त्याने ओळखावं.

दुसरा भ्रम कारखान्याच्या चाचणी-कार्डाचा. कार्डावरची गुच्छासारखी छिद्रं पाहून लोक भुलतात. ती कारखान्याच्या शिकंज्यातून, कारखान्याने निवडलेल्या गोळ्यांनी पाडलेली असतात. कंपनी तीच, डबा तोच, फक्त लॉट क्रमांक बदलला की त्याच बॅरलचा ग्रुप पसरतो. एली, लापुआ उगीच स्वतःच्या चाचणी-रेंज चालवत नाहीत. नेमबाज तिथे आपली रायफल नेतात आणि जुळेल तो लॉट घाऊक उचलतात. नव्या बॅरलचा विचार करणाऱ्याने ते पैसे आधी इथे घालावेत.

रायफल निवडताना बघायचं ते स्टॉक. गालपट्टी, बट प्लेट, लांबी हे सारं आपल्या अंगाला बसतं का? तिन्ही अवस्थांत पुन्हा त्याच खुणेवर लावता येतं का? 8 किलो ही नियमाची कमाल मर्यादा आहे. चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात तेवढं वजन देऊन ‘स्थिर राहील’ म्हणणारे पुढे तिची पाठ दुखली की फिरकत नाहीत. डावखुऱ्याने डाव्या बोल्टचीच घ्यावी, वाट बघावी लागली तरी.

आणि जुनी मिळत असेल तर नाक मुरडू नये. शिशाच्या मऊ गोळीने बॅरल फार सावकाश झिजते. ती बिघडते बहुधा चेंबरपुढे साचून घट्ट झालेल्या मळाने, नाहीतर आडदांड साफसफाईने. परवान्याचे कागद रंगवण्याआधी विकणाऱ्याकडे बोअरस्कोपने आतून बघू द्या म्हणावं आणि आपल्या गोळ्यांनी दहा-दहाचे चार ग्रुप मागावेत. नाही म्हणाला तर दुसरी शोधावी.