त्युरेन ‘मंद’ नव्हता

सतराव्या शतकातल्या फ्रेंच सेनापतींवर नुकतेच एका विद्वान वक्त्यांनी निकाल देऊन टाकले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: रोक्र्वाचे मैदान मारणारा कोंदे हाच खरा प्रतिभावंत. त्युरेन म्हणजे मंद, हिशेबी, लढाई टाळणारा माणूस. मारियेनदालला हरला, रेतेलला हरला, व्हालांसिएनहून माघारी फिरला. फ्रोंदच्या यादवीत राजावर उलटला, म्हातारपणी धर्म बदलला. कीर्ती काय ती दरबाराने फुगवलेली. टाळ्याही भरपूर पडल्या म्हणे.

किरकोळ आक्षेप आधी निकालात काढू. मारियेनदालचा पराभव खराच. मे १६४५ मध्ये घोडदळ विखुरलेले असताना बव्हेरियाचा सेनापती मर्सी याने त्याला गाठले. पण ऑगस्टमध्ये त्युरेन आणि कोंदे यांच्याशी लढतानाच मर्सी मारला गेला, हे वक्ते विसरले. रेतेलचा पराभव मान्य, त्यावर वाद नाही. १६५६ मध्ये व्हालांसिएनला त्याच्या जोडीचा मार्शल ला फेर्ते याची फौज कापली गेली, त्युरेनने आपली फौज शिस्तीत बाहेर काढली. धर्मांतर १६६८ चे आणि सर्व सैन्यांचे मुख्य मार्शलपद १६६० चे. मग धर्म बदलून त्याने कोणती बढती पदरात पाडून घेतली?

फ्रोंदचा आरोप मात्र मला खरोखर चीड आणतो. हा वाद जुना आहे आणि दर पिढीत कोणीतरी तो नव्याने उकरून काढतो. त्युरेन राजाविरुद्ध गेला, हे खरे. पण १६५१ मध्ये तो परतला आणि पुढच्याच वर्षी त्याने दरबार वाचवला. वक्त्यांचा लाडका कोंदे त्यानंतर १६५९ च्या तहापर्यंत स्पेनच्या बाजूने फ्रान्सशीच लढत होता! १४ जून १६५८ रोजी डंकर्कजवळच्या वाळूच्या टेकड्यांत दोघे समोरासमोर आले, तेव्हा फ्रेंच फौज त्युरेनची होती आणि कोंदे शत्रूच्या रांगेत होता. त्या दिवशी कोण हरले, तेही व्याख्यानात सांगायला हवे होते.

आता ‘मंदपणा’कडे वळू. ऑगस्ट १६४४ मध्ये फ्रायबुर्गला मर्सी डोंगरउतारावर झाडे पाडून, मोर्चे बांधून बसला होता. समोरून चढण्यापेक्षा वळसा घालून त्याची वाट तोडावी, असे त्युरेन सांगत होता. कोंदेने समोरूनच हल्ले चढवले. आठवडाभरात हजारो माणसे कामी आली आणि मर्सी अखेर हटला तो मागची वाट धोक्यात आल्यावर. यात प्रतिभा कोणाची?

आणि १६७४-७५ चा हिवाळा? ऑक्टोबरमध्ये एन्झहाइमची लढाई झाली, तरी शत्रू, म्हणजे जर्मन सम्राटाची फौज, आल्सासमध्ये ठाण मांडून होता. ब्रांडेनबुर्गचा संस्थानिक (‘इलेक्टर’) येऊन मिळाल्यावर शत्रूचे बळ पन्नास हजारांवर गेले. त्युरेनकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. तो व्होज पर्वत ओलांडून लोरेनमध्ये उतरला. साव्हेर्न आणि आगनोला शिबंदी ठेवली होतीच. शत्रूला वाटले, हंगाम संपला. त्याने कोलमारच्या आसपास हिवाळी मुक्काम पसरले. इकडे त्युरेनने फौजेच्या लहान लहान तुकड्या केल्या आणि पर्वतरांगेच्या आडोशाने, वेगवेगळ्या वाटांनी, बर्फातून दक्षिणेकडे धाडल्या. कोणी एक तुकडी पाहिली असती तरी अख्ख्या सैन्याचा बेत कळला नसता. डिसेंबरअखेर त्या साऱ्या बेल्फोरजवळ एकत्र आल्या आणि २९ डिसेंबरला म्युलूझला शत्रूच्या घोडदळावर तुटून पडल्या.

५ जानेवारी १६७५ ला टुर्कहाइम. शत्रू कोलमारपासून ओढ्याच्या आधाराने रांग धरून उभा होता. त्युरेनने समोर फौज दाखवली आणि स्वतः डावीकडे टेकड्यांच्या आडून, द्राक्षमळ्यांच्या उतारावरून निघाला. शत्रूने टुर्कहाइमचे गाव मोकळे सोडले होते. ते हाती लागताच रांगेची बगल उघडी पडली. थोड्याच दिवसांत शत्रूची सारी फौज ऱ्हाइनपार गेली. त्या शतकात हिवाळ्यात सैन्ये छावणीत बसत. हा माणूस त्यात पर्वत फिरून आला आणि याला मंद म्हणायचे?

दोष द्यायचाच होता, तर १६७४ च्या उन्हाळ्यात पॅलाटिनेटमध्ये त्याच्या फौजेने गावे जाळली, त्याचा द्या. तिथल्या इलेक्टरने संतापून त्याला द्वंद्वाचे आव्हान धाडले होते. तो डाग मी पुसणार नाही. पण व्याख्यानात त्यावर चकार शब्द नव्हता; वक्त्यांना जळालेल्या घरांपेक्षा सेनापतीचा संथपणा जास्त खुपला.

माझे म्हणणे साधे आहे. हातातली माणसे उगाच खर्ची न घालता शत्रूला प्रदेश सोडायला लावणे, हेच सेनापतीचे काम. ते त्युरेनइतके त्याच्या काळात फार थोड्यांना जमले. २७ जुलै १६७५ रोजी सासबाखजवळ मोर्च्याची पाहणी करताना तोफगोळ्याने तो गेला आणि त्याची फौज ऱ्हाइनच्या अलीकडे मागे आली. चौदाव्या लुईने त्याला सँ-दनीला राजांच्या दफनभूमीत जागा दिली, एकदम आठ नवे मार्शल नेमले आणि आल्सास सावरायला कोंदेला धाडले. कोंदेने तिथे सम्राटाचा सेनापती मॉन्तेकुक्कोली याला आगनोचा वेढा उठवायला लावला, तोही मैदानी लढाई न देता.