घराचा मालक आणि त्याचा शेजारी

स्वतःचे घर आणि त्याभोवतीची जमीन ज्याच्या मालकीची आहे, तो माणूस कम्युनिस्ट होऊ शकत नाही, कारण त्याच्यामागे इतर कामे फार असतात, असे मत अमेरिकेतील बांधकाम-उद्योगपती विल्यम लेविट याने १९४८ साली मांडले. भांडवलदारवर्ग कामगाराच्या घराकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, याची इतकी स्पष्ट कबुली क्वचितच मिळते.

लेविटच्या कंपनीने १९४७ साली न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरील बटाट्याच्या शेतांत उपनगर उभारण्यास प्रारंभ केला. मोटार-कारखान्यात माल सरकतो आणि कामगार जागीच राहतो. येथे घर जागीच राही आणि कामगारांच्या तुकड्या एकेक ठरीव काम उरकीत घरामागून घर पुढे सरकत. कामगार संघटनांना मज्जाव होता. १९५१ पर्यंत १७ हजारांहून अधिक घरे उभी राहिली. युद्धावरून परतलेल्या, बिऱ्हाडासाठी वणवण करणाऱ्या सैनिकाला यातील ७५० चौरस फुटांचे घरही मोठा आधार वाटला, हे नाकारण्याचे कारण नाही.

परंतु हा पराक्रम केवळ खाजगी उद्योगाचा नव्हता. गृहकर्जांना हमी सरकारची होती, आणि हमी देणारे तेच सरकारी खाते मिश्र वस्त्यांना धोक्याच्या मानीत होते. लेविटच्या आरंभीच्या भाडेकरारात गौरवर्णीयांखेरीज कोणासही घरात राहू देऊ नये, असे कलम होते. अपवाद फक्त घरगड्यांचा! अशा अटींची अंमलबजावणी न्यायालये करू शकत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. तरीही कृष्णवर्णीयांना घरे नाकारणे लेविटने चालूच ठेवले.

पेनसिल्व्हेनियातील दुसऱ्या लेविटटाऊनमध्ये या धोरणाची कसोटी लागली. जवळच्या पोलाद कारखान्यातील अनेक कामगार तेथे राहत होते. १९५७ च्या ऑगस्टमध्ये माजी सैनिक विल्यम मायर्स, पत्नी डेझी आणि त्यांची मुले तेथील एका घरात राहावयास आली. हे तेथले पहिले कृष्णवर्णीय कुटुंब. रात्रीमागून रात्री जमाव जमला, खिडक्या फुटल्या, दगडाने एक पोलीस बेशुद्ध पडला. जमावात बाहेरचे चिथावणीखोर होते, तसे शेजारीपाजारीही होते. मात्र मायर्स कुटुंबाला हे घर मिळवून देण्यास साहाय्य करणारे लेविस आणि बिआ वेक्सलर हे दांपत्य अगदी शेजारच्याच घरात राहत होते, आणि ते दोघेही कम्युनिस्ट पक्षात काम केलेले होते! त्यांच्या भिंतीवर कू क्लक्स क्लॅनची अक्षरे रंगविण्यात आली, तरी ते डगमगले नाहीत. क्वेकर पंथीय आणि अन्य रहिवासी मायर्स यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि अखेर न्यायालयाने दंगेखोरांना मनाई केली. लेविटचा सिद्धान्त त्याच्याच वसाहतीत, त्यानेच बांधलेल्या घराने खोटा ठरविला.

तथापि, यातून केवळ समाधान मानणे चुकीचे ठरेल. दगड उचलणाऱ्यालाही घराचे हप्ते फेडावयाचे होते. शेजारी कृष्णवर्णीय आला की घराची किंमत उतरेल, या भीतीने माणूस माणसाविरुद्ध उभा केला गेला. मालकीने घरवाल्याला निवारा दिला, पण त्याचबरोबर वर्गबंधूविरुद्ध राखावयाची एक मालमत्ताही त्याच्या हाती दिली. १८७२ साली एंगल्सने बजावले होते की, घराच्या मालकीने कामगार मुक्त होत नाही, उलट जखडला जातो. अमेरिकेत घरविक्रीतील वर्णभेद कायद्याने निषिद्ध झाला तो १९६८ साली. तरीही लाँग आयलंडवरील लेविटटाऊनमध्ये कृष्णवर्णीयांचे प्रमाण आजही अत्यल्प आहे.

भारतातील वाचकास हे दूरचे वाटू नये. अहमदाबादच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सभासदत्व एकाच धर्मसमुदायापुरते राखणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली वैध ठरविला. शहरोशहरी आडनाव, धर्म आणि आहार विचारून घर नाकारले जाते. म्हणून घरांच्या मागणीसाठी लढणाऱ्या प्रत्येक चळवळीने दोन प्रश्न एकत्रच विचारले पाहिजेत: घरे किती बांधली, आणि त्यांची दारे कोणासाठी बंद ठेवली? दुसरा प्रश्न सोडून दिला, तर पहिल्याचे उत्तर लेविटही देऊ शकतो.