आजींची मूठ

आमच्या मिरजोळ्यात पाऊस लागला की जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या आजी तिथंच घसरल्या आणि पडताना त्यांनी हात टेकला. मनगट टम्म सुजलं, वाकडंही झालं. "चोळा, बसेल जागेवर!" कुणीतरी म्हणालं. तसं मुळीच करू नका हं!

असं पडल्यावर बहुधा अंगठ्याच्या बाजूचं लांब हाड मनगटापाशी मोडतं. डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलिस यांनी या मोडीचं वर्णन १८१४ मध्ये केलं. एक्स-रेचा शोध तर १८९५ चा!

हाड जुळलं की झालं का? नाही. सांध्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर २ मिलिमीटरची पायरी राहिली, तरी सांधा झिजून पुढे दुखत राहण्याची भीती असते. म्हणून मोड वाईट असेल तर डॉक्टर तुकडे नीट जुळवून धातूची पट्टी आणि स्क्रू बसवतात. मनगटातल्या अरुंद बोगद्यात मज्जातंतू दाबला गेला असेल, तर त्यावरचा पट्टा कापून तो मोकळा करतात.

पण ऑपरेशन म्हणजे अर्धंच काम. बोटं हलवली नाहीत तर ती आखडतात आणि दुखणं मुक्काम ठोकतं. आजींची नात रोज त्यांच्याकडून मूठ वळवून घ्यायची.

"आजी, दहा वेळा!"

"अगो, झाली की दहा!"

"नऊच झाली!"

आता आजी पुन्हा नारळ खवतात. तुमच्या घरी कुणाचा हात प्लॅस्टरमध्ये असेल, तर डॉक्टरांना विचारून मोजणीचं काम तुम्ही घ्या. बोटांना मुंग्या आल्या किंवा ती निळी पडली, तर मात्र लगेच दवाखाना गाठा!