‘डिजिटल’ म्हणजे ‘जतन’ नव्हे: कुर्ला या नावाची गोष्ट

१/ कुर्ला स्थानकाच्या फलकावर देवनागरीत ‘कुर्ला’ असे नाव आहे. रेल्वेच्या नोंदींत त्याच स्थानकाची खूण आहे ‘सीएलए’. आजच्या इंग्रजी लेखनात हे नाव ‘के’ने सुरू होते. मग खुणेत ‘सी’ कोठून आला? जुन्या इंग्रजी कागदांत या गावाचे नाव ‘सी-ओ-ओ-आर-एल-ए’ असे लिहिले जाई. लेखन बदलले, खूण मात्र राहिली.

२/ स्थानकांच्या अशा आखूड खुणा ही तारायंत्राच्या युगाची देणगी. तारेतून अक्षर जात नसे. विजेचा ऱ्हस्व किंवा दीर्घ ठोका जाई. मोर्सच्या संकेतात ‘सी’ म्हणजे दीर्घ, ऱ्हस्व, दीर्घ, ऱ्हस्व. दोन्ही टोकांच्या माणसांना हा संकेत ठाऊक असेल, तरच त्या ठोक्यांचे अक्षर होई.

३/ कुर्ल्याचे विजेशी असलेले दुसरे नाते अधिक प्रसिद्ध आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातील पहिली विजेवर धावणारी रेल्वेगाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत आली, १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. त्या तारेत वीज ही शक्ती होती. तारायंत्रात आणि पुढे संगणकात तीच वीज खूण झाली.

४/ संगणकाच्या स्मृतीत अक्षरे नसतात, चित्रे नसतात, आकडेही नसतात. असतात त्या सूक्ष्म घटकांच्या दोन अवस्था: विद्युतभार आहे किंवा नाही. एका अवस्थेला १ म्हणायचे, दुसरीला ०. अशी एक जागा म्हणजे बिट. आठ बिटांचा एक बाइट. एका बाइटमध्ये २५६ वेगवेगळ्या मांडण्या शक्य होतात.

५/ आता ०१००००११ ही मांडणी घ्या. संख्या म्हणून वाचली तर ती ६७. ‘अ‍ॅस्की’ या १९६३ च्या अमेरिकी संकेतानुसार वाचली तर ती रोमन ‘सी’. विजेला यातले काहीच ठाऊक नसते. अर्थ विद्युतभारात नसतो, माणसांनी केलेल्या करारात असतो. अ‍ॅस्कीच्या करारात १२८ जागा होत्या. देवनागरीसाठी त्यांतली एकही नव्हती.

६/ भारतीय लिप्यांचा करार नंतर झाला. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे गेले आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हा संकेत प्रमाण ठरवला. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे.

७/ युनिकोडमध्ये ‘कुर्ला’ हा शब्द सहा घटकांचा होतो: क, उकार, र, हलन्ताची खूण, ल, काना. डोळ्यांना रफार ‘ला’च्या डोक्यावर दिसतो, पण साठवणीत ‘र’ हा ‘ल’च्या आधी येतो, कारण उच्चारात तो आधी येतो. म्हणजे येथे अक्षराचे रूप नव्हे, तर उच्चाराचा क्रम नोंदलेला असतो.

८/ प्रमाण संकेत ठरले, तरी छपाईचा व्यवहार दीर्घकाळ वेगळ्याच वाटेने चालला. डीटीपीच्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवले. ‘कृतिदेव’ फॉन्टमध्ये ‘कुर्ला’ साठवले जाते ते ‘डी, क्यू, वाय, के, झेड’ असे. यात रफार सर्वांत शेवटी येतो, कारण येथे नोंद आकाराची आहे, उच्चाराची नव्हे.

९/ परिणाम असा, की ती फाइल आज त्या फॉन्टविना उघडली, तर पडद्यावर पाच निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. तिच्यात ‘कुर्ला’ शोधले, तर कुर्ला सापडत नाही. एकही बिट पुसला गेलेला नाही. हरवला आहे तो करार.

१०/ मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला हा अनुभव नवा नाही. मोडी कागद शाबूत आहेत, वाचणारे थोडे आहेत. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत स्थान मिळाले. जुन्या फॉन्टांतील मजकूर ही आपल्या डोळ्यांसमोर तयार झालेली नवी मोडी आहे. फरक इतकाच, की तिचे जाणकार अजून आपल्यात आहेत.

११/ यावर एक आक्षेप रास्त आहे: रूपांतराची साधने उपलब्ध आहेत, मग चिंता कशाची? पण रूपांतर हे लिप्यंतरच असते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. युनिकोडमध्ये ‘र’चा क्रमांक २३५२, ‘ऱ’चा २३५३. समुद्र आणि दरी यांच्यात येथे एका बिटाचे अंतर उरते. ते अंतर पाहायला वाचणारा माणूसच लागतो.

१२/ दुसरा आक्षेप असा, की छापील प्रत असतेच, तिचे स्कॅन पुरेसे आहे. स्कॅन म्हणजे चित्र: कोणता बिंदू किती काळा, एवढीच त्यात नोंद. डोळ्याला ते वाचता येते. शोधाला, सूचीला, कोशाला येत नाही. शिवाय छापखान्यात न पोचलेले खर्डे, टिपणे आणि याद्या यांची छापील प्रत मुळात नसतेच.

१३/ म्हणून ‘आमचा संग्रह डिजिटल झाला’ या वाक्यावर समाधान मानू नये. कोणत्या संकेतात, हा पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. ग्रंथालये, नियतकालिके आणि संस्थांनी जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणाव्यात, रूपांतर माणसाकडून तपासून घ्यावे आणि मूळ फाइल तिच्या फॉन्टसह जपावी. मूळ कागद फेकून केवळ नक्कल ठेवणे कोणत्याही दफ्तरखान्याला शोभत नाही.

१४/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने मोडी शिकावी, असे आपण आग्रहाने सांगतो. संकेत कसे बदलले, हेही त्याने तितक्याच आग्रहाने शिकावे. ‘सीएलए’मधला ‘सी’ आज उलगडतो, कारण जुने लेखन ठाऊक असलेले लोक उरले आहेत आणि ते नोंदलेले आहे. ‘डी, क्यू, वाय, के, झेड’ म्हणजे कुर्ला, हेही कोणीतरी वेळेत नोंदून ठेवायला हवे.